सौर सेन्सरच्या निविदेत ऊर्जेचा हिशेबही मागावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शेतात बसवल्या जाणाऱ्या बिनतारी सेन्सरविषयी आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर बातम्या येत असतात. मातीतील ओल, हवेचे तापमान, आर्द्रता आणि पानांवरील ओलावा यांची नोंद घेऊन ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचवणारी ही छोटी यंत्रे सूर्यप्रकाशावर चालतात आणि त्यांना महावितरणच्या जोडणीची गरज पडत नाही, हा त्यांचा मोठा गुण मानला जातो. तो गुण मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे त्यांच्या खरेदीविषयी आहे. अशा खरेदीची जी कागदपत्रे माझ्या पाहण्यात आली, त्यांत पॅनेल किती वॅटचे आणि बॅटरी किती क्षमतेची एवढेच विचारलेले होते. मिळालेली ऊर्जा हे यंत्र आणि त्याचे जाळे कसे खर्च करणार, ती कमी पडली तर कोणते काम आधी सोडणार आणि कोणते शेवटपर्यंत धरून ठेवणार, याची एकही अट त्यांत नव्हती. खानदेशाच्या हवामानात यंत्र टिकते की बंद पडते, हे मुख्यतः याच गोष्टीवर ठरते.

मी अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापन केले असून आता यावल तालुक्यात घरची केळीची बाग पाहतो. आमच्या परिसरातील काही केळी उत्पादकांनी एकत्र येऊन असे सेन्सर बसवले होते. उन्हाळ्यात झालेले प्रात्यक्षिक उत्तम होते. मोबाइलवर दर काही मिनिटांनी आकडे येत राहिले आणि सर्वांचे समाधान झाले. श्रावणात मात्र एकेक यंत्र मुके होत गेले. पॅनेल लहान पडले, मोठे लावा, असे पुरवठादाराने सांगितले. मला ते उत्तर पटले नाही. का पटले नाही, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण रावेर, चोपडा, मुक्ताईनगर, शिरपूर, शहादा येथील शेतकऱ्यांपुढेही हाच सल्ला ठेवला जाईल आणि त्यावर त्यांचा पैसा खर्च होईल.

अशा यंत्रात मोजणारा सेन्सर, लहानसा प्रोसेसर, रेडिओ आणि बॅटरी-पॅनेल असे भाग असतात. त्यांपैकी सर्वांत खर्चीक भाग बहुधा रेडिओ असतो. एक हजार बिट माहिती शंभर मीटर अंतरावर पाठवायला जितकी ऊर्जा लागते, तितक्या ऊर्जेत प्रोसेसर सुमारे तीस लाख सूचना पार पाडू शकतो, असा हिशेब अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली मांडला होता. त्यानंतर प्रोसेसर आणि रेडिओ दोन्ही सुधारले, तरीही बोलणे महाग आणि विचार करणे स्वस्त ही स्थिती पालटलेली नाही. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली बाब अशी की, रेडिओला नुसते ऐकत बसण्यासाठीही बोलण्याइतकीच वीज लागते. या क्षेत्रात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या सीसी२४२० या रेडिओ चिपला संदेश पाठवताना सुमारे साडेसतरा मिलिअँपिअर आणि ऐकताना सुमारे एकोणीस मिलिअँपिअर लागतात. म्हणजे शेजारच्या यंत्राकडून कधीतरी निरोप येईल म्हणून दिवसभर कान उघडे ठेवणारे यंत्र एक अक्षरही न बोलता आपली बॅटरी संपवू शकते.

यासाठी थोडी आकडेमोड करू. एखादे यंत्र चोवीस तास जागे राहून सरासरी २० मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याला दिवसाला ४८० मिलिअँपिअर-तास लागतात आणि २००० मिलिअँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सूर्यप्रकाशाविना जेमतेम चार दिवस पुरते. तेच यंत्र दर पंधरा मिनिटांनी तीन सेकंद जागे होत असेल, मोजणी करून, निरोप पाठवून, शेजाऱ्याचे ऐकून पुन्हा झोपत असेल आणि झोपेत एका मिलिअँपिअरचा शंभरावा भाग घेत असेल, तर त्याचा दिवसाचा खर्च दोन मिलिअँपिअर-तासांच्या आतच राहतो. तीच बॅटरी कागदावर जवळपास तीन वर्षांची होते. प्रत्यक्षात ती आपोआपही थोडी उतरत जाते, ते सोडून देऊ. यंत्र तेच आणि बॅटरीही तीच आहे. फरक आहे तो केवळ केव्हा जागायचे आणि केव्हा झोपायचे या नियमाचा.

आता उन्हाचा हिशेब पाहू. जळगाव जिल्ह्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. एक वॅटच्या पॅनेलमधून धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधील घट वजा जाता तीन वॅट-तास हाती येतात असे धरले, तर ते लिथियम बॅटरीच्या हिशेबाने सुमारे ८०० मिलिअँपिअर-तास होतात. म्हणजे सतत जागे राहणारे उधळे यंत्रही मार्च-एप्रिलमध्ये आरामात चालते. प्रात्यक्षिक त्याच काळात ठेवले जाते आणि तेथेच खरेदीदाराची फसगत होते. आषाढ-श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस गच्च राहते, तेव्हा त्याच पॅनेलमधून दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ८० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास ऊर्जा मिळते असे समजू. उधळ्या यंत्राला रोज चारशेची तूट येते आणि काठोकाठ भरलेली बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. काटकसरी यंत्राला दोनच लागत असल्यामुळे त्याच्याकडे त्या ढगाळ दिवसांतही शिल्लक राहते. उधळ्या यंत्राला त्या दिवसांत तगवायचे, तर पॅनेल सहापट मोठे लागेल. तेवढे पॅनेल बसवायला मजबूत खांब हवा, वैशाखातील वादळात तो उभा राहायला हवा आणि त्यावर चोरांची नजर पडू नये याची काळजीही हवी.

शिवाय ऊन जास्त म्हणजे वीज जास्त हे गृहीतकही आपल्याकडे पुरते खरे ठरत नाही. सिलिकॉनच्या सौर पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारणपणे ०.४ टक्क्याने घटते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात तापलेले पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत पोहोचते आणि सहाव्या हिश्शाइतकी क्षमता उष्णतेतच जाते. बॅटरीचे त्याहून कठीण आहे. सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी, असे उत्पादकांच्या माहितीपत्रकांत लिहिलेले असते. बंद प्लॅस्टिकच्या डबीत, भर उन्हात, ही मर्यादा मे महिन्यात सकाळी अकराच्या पुढे सहज ओलांडली जाते. त्यामुळे चांगला चार्ज कंट्रोलर दुपारी चार्जिंग थांबवतो आणि थांबवलेच पाहिजे. न थांबवल्यास बॅटरी लवकर म्हातारी होते. मग ऐन दुपारच्या उन्हाचे करायचे काय? साठवून ठेवलेल्या जुन्या नोंदी पाठवणे, शेजारच्या यंत्रांचे निरोप पुढे नेणे, प्रोसेसरचा नवा प्रोग्राम उतरवून घेणे ही जड कामे त्या वेळी थेट पॅनेलच्या विजेवर उरकून घ्यावीत. बॅटरीत घालून पुन्हा काढताना वाया जाणारी ऊर्जाही त्यामुळे वाचते. हे वेळापत्रक यंत्राच्या प्रोग्राममध्ये असावे लागते. ते नंतर बाहेरून बसवता येत नाही.

केळीच्या बागेची स्वतःचीही एक अडचण आहे, जी द्राक्ष किंवा भाजीपाल्याच्या शेतावर तयार केलेल्या यंत्रांच्या लक्षात येत नाही. जून-जुलैमध्ये मृगबाग लावली जाते, तेव्हा शेत उघडे असते आणि खांबावरचे पॅनेल दिवसभर उन्हात असते. बाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या अवस्थेला, येईपर्यंत झाडे माणसाच्या डोक्यावर जातात आणि पाने एकमेकांना भिडतात. मग सकाळ-संध्याकाळचे ऊन पानांत अडते. पॅनेलमधील घट (सेल) एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एका पानाची सावली दोन-तीन घटांवर पडली, तरी पूर्ण पॅनेलची वीज कोसळू शकते. दुसरे असे की, केळीच्या पानात आणि खोडात पाणी भरपूर असते आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेते, अशा पुष्कळ यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यात अधिक अडतात. लहर अडली की निरोप पोहोचत नाही, न पोहोचलेला निरोप यंत्र पुन्हा पाठवते आणि प्रत्येक फेरीला बॅटरी खर्ची पडते. म्हणजे बाग जसजशी भरात येते, तसतसे यंत्राचे ऊर्जेचे उत्पन्न घटते आणि खर्च वाढतो, तेही नोंदींची किंमत शेतकऱ्याला सर्वांत जास्त असते त्या महिन्यांत.

आतापर्यंत एकट्या यंत्राचा विचार केला. पण ही यंत्रे जाळ्यात काम करतात आणि ऊर्जेचा खरा पेच तेथे आहे. अनेक रचनांत दूरच्या यंत्राचा निरोप मधल्या यंत्रांच्या साखळीने गेटवेपर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदी गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचतो. अशा साखळीत गेटवेजवळच्या यंत्रांवर सगळ्या शिवाराच्या निरोपांचे ओझे येते. ती आधी थकतात, बंद पडतात आणि त्यांच्यामागची, बॅटरी भरलेली, सुस्थितीत असलेली यंत्रेही मुकी होतात. आमच्या परिसरातील यंत्रांचे असेच झाले होते. जी यंत्रे बंद पडली असे आम्हाला सांगण्यात आले, त्यांतील काहींच्या बॅटऱ्या तपासल्या तेव्हा त्या चांगल्या भरलेल्या निघाल्या. मधला दुवा तुटला होता. अशा वेळी प्रत्येक यंत्राला मोठे पॅनेल लावणे हा खर्च पाण्यात जातो.

यावर उपाय अज्ञात नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ नावाची पद्धत मांडली. तीत यंत्रांचे गट पाडून प्रत्येक गटातील एक यंत्र प्रमुख होते, इतरांच्या नोंदी गोळा करून त्यांचा सारांश पुढे पाठवते आणि हे प्रमुखपद आळीपाळीने फिरते, म्हणजे ओझे एकाच यंत्रावर पडत नाही. पुढे सौर यंत्रांसाठी त्यात सुधारणा सुचवली गेली: ज्या यंत्रावर या घडीला ऊन आहे त्याने पुढाकार घ्यावा आणि सावलीतल्यांना विसावा द्यावा. मार्ग निवडतानाही हेच तत्त्व लावता येते. सर्वांत जवळची वाट न धरता, जिच्यावरील यंत्रांकडे शिल्लक पुरेशी आहे अशी थोडी लांबची वाट निवडता येते. इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये अशा अल्पशक्तीच्या जाळ्यांसाठी ‘आरपीएल’ हे मार्गनिवडीचे मानक प्रसिद्ध केले आणि त्याच्या जोडीच्या दस्तऐवजात यंत्राची ऊर्जास्थिती हा निकष म्हणून धरण्याची सोय ठेवली. तरतूद आहे, ती वापरा असे सांगणारा खरेदीदार हवा.

हा विचार खानदेशाला परका वाटण्याचे कारण नाही. पांझरेच्या काठी, तसेच मोसम आणि आरम नद्यांवर, शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एक पीक घ्यायचे, त्या वर्षी पाणी किती आहे हे पाहून कोणता फड भिजवायचा आणि कोणता राखायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि ठरल्याप्रमाणे पाटकऱ्याने पाणी फिरवायचे. आधी पीक ठरवून मग पाण्यासाठी धावाधाव करण्याची रीत तीत नव्हती. सौर यंत्रांच्या जाळ्यात ऊर्जा ही त्या पाण्याच्या जागी आहे. मिळते त्याहून जास्त खर्च करायचा नाही, याइतकाच दुसरा नियमही महत्त्वाचा आहे: मिळते ते वाया जाऊ द्यायचे नाही. बॅटरी सकाळी दहालाच भरून गेली आणि दुपारभराचे ऊन नुसते पॅनेलवर पडून राहिले, तर त्या दिवशी यंत्राने कमी मोजले असा त्याचा अर्थ होतो. उन्हाळ्यात दर पाच मिनिटांनी मोजणारे आणि श्रावणात दर तासाला मोजणारे यंत्र हे मला आदर्श यंत्र वाटते. वर्षभर डोळे मिटून दर पंधरा मिनिटांनी बोलणारे यंत्र दोन्ही ऋतूंत चुकते.

उद्या किती ऊन मिळेल याचा अंदाज यंत्राने कसा बांधावा, यावरही भरपूर काम झालेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संस्थेत अमन कन्सल, मणी श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात मागील दिवसांत किती ऊर्जा मिळाली याची, अलीकडच्या दिवसांना अधिक वजन देणारी सरासरी ठेवायची. या सरासरीवरून यंत्र पुढच्या दिवसाचा खर्च बेतते. ही आकडेमोड इतकी सोपी आहे की लहानात लहान प्रोसेसरलाही ती जड जात नाही. माझ्या मते, आपल्याकडे तिच्यात एक भर घालणे आवश्यक आहे. आजचा दिवस कालच्यासारखा असतो तोवर हा अंदाज चांगला चालतो, परंतु जूनमध्ये पाऊस लागतो त्या आठवड्यात तो साफ चुकतो, कारण कडक उन्हाच्या आठवणीवर यंत्र उधळपट्टी करत राहते आणि आभाळ तर भरून आलेले असते. भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज देतो. गेटवेने तो इंटरनेटवरून घेऊन पुढचे दिवस ढगाळ आहेत एवढा एका अक्षराचा इशारा जरी सर्व यंत्रांना दिला, तरी ती आधीपासून हात आखडता घेऊ शकतात. या एका अक्षराच्या निरोपाचा खर्च जवळपास काहीच नाही.

हिवाळ्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या रावेर-यावल पट्ट्यात पौषातील थंडीचा चरका केळीला किती महाग पडतो, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. पाने पिवळी पडतात, वाढ थांबते, निसवण अडते. किमान तापमान पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास नोंदवले जाते. डिसेंबरात रात्र तेरा तासांची असते आणि सौर यंत्राची बॅटरी तिच्या सर्वांत खालच्या पातळीवर नेमकी त्याच पहाटे असते. जे आकडे सर्वांत मोलाचे, ते मोजण्याच्या वेळी यंत्र सर्वांत अशक्त असते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरले जातात आणि भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. कमी तापमानाच्या निकषात तर सलग दिवसांची अट असते. महावेध प्रकल्पातून राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे मोठे काम आहे. शेतातील खासगी सेन्सर विम्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही सौर ऊर्जेवर चालणाऱ्या कोणत्याही केंद्राला, ते सरकारी असो वा खासगी, एक नियम लागू असावा: रात्री बाकी सर्व कामे थांबली तरी चालतील, पहाटे चार ते सूर्योदयानंतरच्या तासापर्यंतची तापमानाची नोंद चुकता कामा नये, आणि तेवढी ऊर्जा संध्याकाळीच राखून ठेवलेली असावी. नोंद चुकलीच, तर ती चुकली असे स्पष्ट दिसावे. रिकामी जागा शेजारच्या आकड्यांवरून भरली असेल, तर तसे त्या आकड्यापुढे लिहिलेले असावे.

गेटवेविषयी थोडे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि ‘लोरा’ तंत्रज्ञानाची यंत्रे त्यावर काही किलोमीटरपर्यंत थेट गेटवेशी बोलू शकतात. मधल्या साखळीची गरज त्यामुळे पुष्कळ ठिकाणी संपते आणि पानांतून लहर जाण्याच्या दृष्टीनेही हा पट्टा बरा आहे. परंतु यातही ऊर्जेचे गणित दडलेले आहे. गेटवे दूर किंवा आडोशाला असेल, तर यंत्र आपोआप संथ गतीने बोलू लागते. सर्वांत संथ गतीने पाठवलेला निरोप सर्वांत जलद गतीच्या तुलनेत वीसपटींहून अधिक काळ हवेत राहतो आणि रेडिओ तेवढा वेळ पेटता राहतो. म्हणून शंभर यंत्रांची पॅनेले वाढवण्यापेक्षा गावच्या जलकुंभावर किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर गेटवेचा अँटेना उंच बसवणे कितीतरी स्वस्त आणि परिणामकारक आहे. त्या एका खर्चाने शिवारातील प्रत्येक बॅटरीचे आयुष्य वाढते.

गेटवेला वीज गावातूनच मिळते आणि भारनियमनात किंवा रोहित्र जळाल्यावर तो बंद पडतो. अशा वेळी पोच मिळाली नाही म्हणून शेतातील यंत्रे पुन्हा पुन्हा निरोप पाठवत राहतात आणि दोष गेटवेचा असूनही बॅटऱ्या त्यांच्या उतरतात. समंजस यंत्राने दोन-तीन प्रयत्नांनंतर थांबावे, नोंदी वेळेच्या शिक्क्यासह आपल्या स्मृतीत ठेवाव्यात, पुढचे प्रयत्न लांबत जाणाऱ्या अंतराने करावेत आणि संपर्क जुळल्यावर, शक्यतो उन्हाच्या वेळी, साठलेले सर्व पाठवावे. गेटवेलाही स्वतःची मोठी बॅटरी असावी, हे ओघाने आलेच.

ऊर्जा कमी पडल्यावर कोणते काम सोडायचे, हा मात्र निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न नाही, आणि माझ्या पत्रातील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात जमीन भिजलेली असते. मातीतील ओल दिवसातून दोनदा मोजली तरी पुरे, कारण ठिबक बहुधा बंदच असते. त्याच दिवसांत पानांवरील ओलावा आणि आर्द्रता मात्र सतत हवी, कारण करपा रोगाचा धोका त्यांवरून कळतो. एप्रिल-मे महिन्यांत उलट स्थिती असते. पानांच्या ओलाव्याला अर्थ उरत नाही, आणि ठिबक किती वेळ चालवायचे हे मातीच्या ओलीवर ठरते. कापसाच्या शेतात ही क्रमवारी वेगळी असेल, साक्रीच्या कांद्यात आणखी वेगळी. आज हा क्रम पुण्या-बंगळुरूतील एखाद्या कार्यालयात, सर्व पिकांसाठी एकच, आणि बहुधा विचार न करताच ठरतो. तो जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक आणि प्रत्यक्ष बागाईतदार यांनी एकत्र बसून ठरवावा, पिकानुसार आणि महिन्यानुसार त्याचे तक्ते करावेत आणि खरेदीदारांनी ते तक्ते पुरवठादारापुढे ठेवावेत. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून उपयोगी विषय शोधावा लागणार नाही.

निविदेत घालण्याच्या अटी फार नाहीत आणि त्यांतील एकही अशक्यप्राय नाही. प्रत्येक नोंदीसोबत बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) आणि पॅनेलमधून येणारा प्रवाहही पाठवला जावा. हे दोन आकडे शेतकऱ्याला दिसले, तर यंत्र मुके होण्याआधी आठवडाभर ते कळेल आणि पॅनेल पुसायचे आहे, पान छाटायचे आहे की बॅटरी बदलायची आहे याचा उलगडा घरबसल्या होईल. ऊर्जा घटत गेल्यास यंत्र कोणत्या टप्प्याला काय सोडते, हे पुरवठादाराने मराठीत लिहून द्यावे आणि ते बदलण्याची मुभा खरेदीदाराला असावी. जाळे साखळीचे असेल, तर मधली दोन यंत्रे मुद्दाम बंद करून बाकीची चालू राहतात का, हे पुरवठादाराने शेतात दाखवावे. बॅटरी बाजारात सहज मिळणाऱ्या आकाराची असावी, डबी पांढरी आणि सावलीत असावी, पॅनेल मात्र तिच्यापासून वेगळे, वाढणाऱ्या बागेबरोबर वर सरकवता येईल अशा खांबावर असावे. आणि चाचणी उन्हाळ्यात घेऊ नये. आषाढापासून भाद्रपदापर्यंत यंत्रांनी नोंदी दिल्यावरच रकमेचा शेवटचा मोठा हप्ता द्यावा.

या अटींमुळे यंत्रे महाग होतील, अशी शंका काही पुरवठादार बोलून दाखवतात. बहुतेक अटी प्रोग्रामच्या आहेत. एकदा लिहिलेला प्रोग्राम हजार यंत्रांत उतरवायला वेगळा खर्च येत नाही, आणि काटकसरी यंत्राला पॅनेल व बॅटरी दोन्ही लहान पुरत असल्यामुळे किंमत उतरण्याचाच संभव अधिक आहे. जे पुरवठादार हे काम मनापासून करतात, त्यांना या अटींचा लाभच होईल, कारण आज त्यांची आणि केवळ मोठे पॅनेल दाखवणाऱ्यांची तुलना निव्वळ वॅटच्या आकड्यावर होते.

कृषी विभागाने आणि जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पुढील मृगबागेच्या लागवडीपूर्वी, म्हणजे मेअखेरपर्यंत, या अटींचा एक सामाईक मसुदा तयार करावा, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. तसे झाल्यास जूनमध्ये यंत्रे बसतील आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांची खरी परीक्षा होईल. मसुद्याच्या तांत्रिक भागासाठी लागेल तेवढा वेळ मी विनामूल्य देण्यास तयार आहे, आणि या भागातील माझे अनेक निवृत्त सहकारीही मागे राहणार नाहीत याची मला खात्री आहे.

आपला विश्वासू,
एक केळी उत्पादक आणि निवृत्त अध्यापक,
ता. यावल, जि. जळगाव